डाव्या कोपऱ्यातला माझा भाऊ

बापू, तू घरात मेलास हे बरं झालं.

तुझी बायको पारू हे वाचून चिडेल, पण तिला माझी सवय आहे. दुपारी जेवलास, ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलास, छातीत कळ आली आणि कलंडलास. पारूनं मला सांगायला माझ्या सासरी निरवांगीला माणूस धाडला. तो दारात उभा राहून रडवेल्या तोंडानं म्हणाला, "आक्का, बापू गेलं." मी त्याला पहिला प्रश्न केला, "कुनी मारलं?" बिचारा घाबरला. म्हणाला, "कुनी न्हाय, आक्का. बसल्या बसल्या गेलं."

मी भिंतीला टेकून बसले. रडू आलं, पण ते नंतर. आधी मनात आलं ते एवढंच की सुटले बाई. तुला कुणाच्या हातून मरण आलं नाही आणि तुझ्या हातून कुणाला आलं नाही. धाकट्या भावासाठी बहिणीनं देवाकडं एवढंच मागितलं होतं, असं कुणाला सांगितलं तर मला वेडी म्हणतील. तुला ठाऊक आहे मी वेडी नाही.

भेटायला येणारे म्हणतात, कबड्डीतला वाघ गेला. वाघाचं मला काही माहीत नाही. मी तुला कडेवर घेऊन आबांच्या मेंढरांमागं हिंडले आहे, तुझं नाक पुसलं आहे. आबांनी तुला मेंढरू धरायला शिकवलं तेव्हा तू माझ्या कमरेला लागत होतास. मागचा पाय धरायचा, पण ओढायचा नाही. ओढला की सांधा निखळतो आणि जनावर वाया जातं. तू धरलेलं मेंढरू कधी सुटलं नाही आणि कधी लंगडलंही नाही. पुढं मेंढरं विकली, कालव्याचं पाणी आलं, आपण शेती करायला लागलो. मेंढरं गेली तरी तुझा हात राहिला. गावाच्या संघानं तो हात डाव्या कोपऱ्यात नेऊन उभा केला.

कबड्डी मला कुणी शिकवली नाही. दोरीबाहेर उभं राहून कळली. चढाईला आलेला गडी एका दमात "कबड्डी, कबड्डी" म्हणत आत शिरतो. दम तुटायच्या आत मधल्या रेघेला हात लावला तर जिंकला, नाही तर बाद. कोपऱ्यातल्या गड्यानं त्याचा घोटा धरून ठेवायचा. काम एवढंच.

पण तुमचे न लिहिलेले नियम कळायला मला वर्षं लागली. चढाईच्या आधी मांडी थोपटावी, नंतर नाही. बाद झालेल्या गड्याकडं बघून हसू नये. दुखऱ्या गुडघ्याला हात घालू नये. दम तुटला की हात सोडायचा. आणि कुणी सोडला नाही, मुद्दाम ओढून आपल्या गड्याचा पाय मोडला, तर त्यांच्यातला सगळ्यात चांगला चढाईवाला हेरायचा आणि त्याचा पाय आपल्या डाव्या कोपऱ्यानं मोडायचा. पंचही एक हिसका बघून न बघितल्यासारखं करायचे.

मी तुला विचारलं होतं, "ज्यानं केलं त्याला सोडून दुसऱ्याला का रं?"

तू म्हणालास, "ज्यानं केलं त्यो कोपऱ्यातला आसतो, आक्का. त्याचा पाय मोडून त्यांचं काय नुसकान?"

अक्कल होती तुला. ती कुठं वापरत होतास ते मला आवडत नव्हतं.

ह्याला तुम्ही पाळी म्हणायचा. कालव्याच्या पाण्याची असते तशी. आपली पाळी असताना झोप लागली, पाट फुटला, काही झालं तरी गेली ती गेली. पाणी पुढच्याच्या रानात जातं आणि आपण बघत बसतो. तुमचीही तशीच. पाळी घ्यायला गेलात आणि साधली नाही तर संपली, परत मागता यायची नाही. कुणी घेतलीच नाही तर मात्र ती तशीच उभी राहायची आणि संघातला कुणीही उठून ती घेऊ शकायचा. एकदा घेतली आणि साधली, की मग समोरच्यांची पाळी.

तुझ्या हातून मोडलेले दोघं मला ठाऊक आहेत. एकजण इंदापूरच्या बाजारात पाय पसरून कांदे विकायला बसतो. मी त्याच्याकडूनच कांदे घेते. वजनात मारतो. मी बोलत नाही.

तुझ्याशी भांडले ते मात्र पुष्कळ. तू म्हणायचास, "ह्यो खेळ हाय आक्का, भजनी मंडळ न्हवं." मी म्हणायचे, भजनी मंडळात लोक घरी जाताना चालत जातात. पारू मधे पडून म्हणायची, दोघंबी गप बसा, भाकरी थंड व्हायला लागली.

मग माझा दत्ता मोठा झाला. उशिरा झालेलं लेकरू, अंगानं काटकुळं, पण चढाईला गेला की कुणाच्या हाताला लागायचा नाही. तूच त्याला तुझ्या कळंबच्या संघात घेतलंस. पोराला खेळ आला आणि त्याच्या जोडीनं मस्तीही आली. गडी मारून परत यायचा तो मधल्या रेघेपाशी कुशीवर आडवाच व्हायचा. एक हात रेघेवर, दुसऱ्या हातावर डोकं, कॅलेंडरातल्या शेषशायी विष्णूसारखा. लोक टोप्या उडवायचे. मी घरी आल्यावर त्याला म्हटलं, "निजायचंय तर हितं नीज. गोधडी हाय." तो हसला.

तू हसला नाहीस. तू त्याला ओट्यावर बसवून म्हणालास, "दत्त्या, मारलेल्या गड्याम्होरं निजायचं न्हाय. त्येला घरी जाऊन त्वांड दावायचं आसतं."

"मामा, लोकास्नी आवडतंय."

"लोक पाय बसवाय येत न्हाईत."

त्यानं ऐकलं नाही. इंदापूरच्या सामन्यात समोर बारामतीकडचा संघ होता. दत्तानं त्यांचे शेवटचे गडी मारून लोण दिला, रेघेवर आडवा झाला आणि वर मोठ्यानं जांभई दिली. मला दोरीबाहेर लाज वाटली. माझ्या शेजारच्या बाया हसत होत्या, मी समोरच्या गड्यांची तोंडं बघत होते. पुढच्याच चढाईला त्यांच्या कोपऱ्यानं त्याला धरलं. त्याचा दम तुटला, मी कानानं ऐकलं. पंचांची शिट्टी झाली. आणि शिट्टीनंतर त्या गड्यानं पाय ओढला. आवाज कसा आला ते मी लिहिणार नाही.

कारखान्याच्या संघात त्याला घेणार होते. संघात घेतला की कामावरही घेतात, हे तुला मी सांगायला नको. ते सगळं त्याच मातीत राहिलं. तो गुडघा आजही वाकत नाही. दत्ताची चूक होती हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. पण चुकीला चिमटा असतो, कानफटात असते. पाय नसतो.

त्यानंतर तुझा ओटा रिकामा राहिला नाही. संघातली पोरं रोज येऊन बसायची. "बापू, पाळी कवा?" होळीनंतर बारामतीला सामने होते, तिथं तेच समोर येणार होते. त्यांचा सगळ्यात चांगला चढाईवाला शिवा. दत्ताला मोडणारा दुसराच होता, शिवा त्या वेळी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभा होता. पण तुमच्या हिशेबात आता शिवाचा पाय आला. तू खेळणं सोडलं होतंस, चाळिशी ओलांडली होतीस. तरी तू संघात नाव घातलंस, आणि कशासाठी ते सगळ्या तालुक्याला कळलं.

मी एसटीनं कळंबला आले. तू गोठ्यात वैरण टाकत होतास.

"बापू, त्या शिवाचं काय चुकलं?"

"काय न्हाय."

"मग?"

"आक्का, ह्यात पडू नगंस. ह्ये बायकांचं काम न्हाय."

"मोडलेला पाय माझ्या पोटातनं आलाय. बायकांचं न्हाय म्हंतोस?"

तू पेंढी सोडलीस, बैलापुढं टाकलीस. मग म्हणालास, "मी न्हाय घेतली तर ही पोरं घेत्याल. त्यास्नी पाय कुठं धरायचा कळत न्हाय. मानंवर जात्याल. मग फौजदार, मग कोर्ट."

"आन् तू घेतलीस तर? मग पाळी त्यांची. आपल्यातला कोन देनार हायस? नाव सांग. त्याच्या आयेला सांगून येते."

तू दुसरी पेंढी उचललीस. माझं ऐकायला तू नकार देतोस असं मला वाटलं. मी म्हटलं, "त्या पोराला लंगडं केलंस तर तुझ्या घरचं पानी पिनार न्हाय."

"च्या घे मग," म्हणालास.

तुझं हे असं. जीव चालला असता तरी तू चहाच विचारला असतास. मी चहा न घेता निघाले.

बारामतीला मी गेले. मला बघवणार नव्हतं आणि न बघून राहवणार नव्हतं. सामना निम्मा झाला तरी शिवा तुझ्या बाजूला फिरकला नाही. त्याचेच लोक ओरडायला लागले, "भ्यालास का रं? म्हातारा हाय त्यो!" मग तो आला. पायाचा चवडा तुझ्याकडं फेकला आणि तू दोन्ही हातांनी घोटा धरलास.

खरं तर एकानं धरला की बाकीच्यांनी अंगावर पडायचं असतं. तुझे गडी पडले नाहीत. सगळे मागं सरले आणि तुला जागा करून दिली. त्या सगळ्या मैदानावर फक्त शिवाचं "कबड्डी, कबड्डी" चालू होतं, बारीक आवाजात, गाईच्या वासरासारखं. मी पदर तोंडात धरला.

आणि तुझे हात उघडले.

शिवा पळालाही नाही लगेच. तसाच पडून राहिला, तोंडानं म्हणत राहिला. मग सरपटत जाऊन त्यानं रेघेला हात लावला. तू बाद झालास, सामना गेला. आपल्या लोकांनी तुला काय काय म्हटलं ते तू ऐकलंस, मीही ऐकलं. तू कपड्यांवरची माती झटकत बाहेर आलास आणि पोरांना म्हणालास, "सुटला रं. घाम हुता." पोरांनी तोंडं फिरवली. पण पाळी गेली ती गेली. पोरं चडफडली, दुसरं काही करू शकली नाहीत. समोरच्यांनाही काही करायला उरलं नाही. ज्याचा पाय सलामत आहे त्याचा बदला कुणी घेत नाही.

परतताना तू मला एसटी स्टँडवर गाठलंस. हातात पाण्याचा तांब्या होता, कुठल्या हॉटेलातून आणलास कुणास ठाऊक. "पी आता," म्हणालास. मी प्याले.

त्यानंतर लोकांनी तुला सोडलं नाही. हॉटेलात बसलास की कुणीतरी म्हणायचं, "बापूला लोनी देऊ नगा, हाताला लावतो." जे पूर्वी तुझ्याकडं मान वर करून बघत नव्हते ते तुला सल्ले द्यायला लागले. पुढच्या हंगामात संघानं तुला बोलावलं नाही. नंतर संघच मोडला. ज्या माणसाला बघून गडी वाट बदलायचे, त्याला पोरंटोरं हसायला लागली, आणि तू मान खाली घालून बिडी ओढायचास. मला त्यांचा राग यायचा आणि तुझा जास्त.

कारण मला माहीत होतं. तुझा हात घामानं सुटत नाही. श्रावणात भिजलेली मेंढरं धरलीस तू. दर भाऊबीजेला ओवाळताना मी तुला विचारलं, "खरं सांग. सुटला का सोडलास?" तू ताटात लुगडं ठेवायचास आणि म्हणायचास, "सुटला." मी म्हणायचे, "खोटं." तू म्हणायचास, "मग तुझं तू ठरीव." पारू म्हणायची, झालं ह्यांचं सुरू. दर वर्षी हेच. या वर्षीही हेच झालं, आणि आता ते भांडण असंच राहिलं.

पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली. मी हे दत्ता समोर असताना कधी विचारलं नाही. तो देव्हाऱ्यापाशी किंवा परड्यात गेला की मगच. तू सोडलास असं मला पक्कं वाटत होतं आणि माझं काही म्हणणं नव्हतं, उलट मी मनात तुझ्या पायाशी डोकं ठेवलं होतं. पण पाय दत्ताचा गेला होता. नोकरी त्याची गेली होती. तो निरवांगीत गिरणी टाकून बसला, दिवसभर एक पाय सरळ करून पिठात. त्याला जर कळलं की मामानं घोटा हातात येऊन सोडून दिला, तर तो काय म्हणेल? माझ्या पायाची ह्यांच्या लेखी काहीच किंमत नव्हती, असं म्हणेल. मग तुमचं तुटलं असतं. ह्या भीतीनं मी सहा-सात वर्षं माझं तोंड धरून ठेवलं. माझं तोंड, बापू. तुला कल्पना आहे ते किती अवघड आहे.

आता तू गेल्यावर काय झालं ते ऐक.

पाचव्या दिवशी आम्ही सगळे तुझ्या ओट्यावर बसलो होतो. दत्ता खुर्चीवर, पाय लांब करून. एक माणूस मोपेडवरून उतरला. पोट सुटलेलं, डोक्याला टक्कल. मी ओळखलं नाही. त्यानं पारूला हात जोडले, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "मी शिवा. बारामतीकडचा."

दत्तानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कारखान्यात हायसा न्हवं?"

"व्हय."

"प्वाट वाडलंय."

"बसून काम हाय," शिवा म्हणाला, आणि मग त्याला कुठं बघावं ते कळेना. दत्ताच्या पायाकडं बघायचं नाही म्हणून तो छपराकडं बघत राहिला.

पारूनं चहा आणला. त्यानं तो घेतला नाही. एकदम बोलायला लागला. "मला एक सांगायचंय. आजवर कुनाला बोललो न्हाय, आमच्या संघातबी न्हाय. बोललो आसतो तर बापूंची पाळी उभी ऱ्हायली आसती." मला कळलं हा काय सांगणार. मी म्हटलं, "च्या घ्या आधी." तो थांबला नाही. "त्या दिशी त्यांनी घोटा धरला, मी डोळं मिटलं. पाय गेलाच म्हनून धरून चाललो. त्यांनी घोट्यावर दोनदा थोपटलं. बारक्या आवाजात म्हनले, 'जा.' मला कळंना काय म्हनत्यात. परत म्हनले, 'जा की, लेका.' त्यांचा हात सुटला न्हाय, आक्का. त्यांनी सोडला."

पारूनं तोंडाला पदर लावला. मला तुझ्यासाठी रडायला वेळच नव्हता. मी दत्ताकडं बघत होते. म्हटलं, आता हा उठतो, काठी घेतो आणि मामाच्या दहाव्यालाही येत नाही.

दत्ता म्हणाला, "मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?" मी विचारलं.

"सोडनार हुता ते. आदी मला इचारून गेला हुता."

बापू, मी दोन्ही हात जमिनीला टेकले.

दत्ता सांगत होता आणि मी ऐकत होते. मी तुझ्याशी गोठ्यात भांडून गेले, त्यानंतर तू निरवांगीला आलास. मी रानात होते. दत्ता खाटेवर प्लास्टर घालून पडला होता. तू त्याच्या उशाला बसलास आणि विचारलंस, "शिवाचा कुठला मोडू? डावा का उजवा?" बाजारात गिऱ्हाइकाला विचारावं तसं.

"मला वाटलं डावा म्हनावं," दत्ता म्हणाला. "माझा डावा गेलाय. पन त्वांडच उघडंना. उजवा म्हनावं तर त्येबी जमंना. मामा बसून ऱ्हायला. परत इचारलं, डावा का उजवा? मला रडाय आलं. मग मामा म्हनला, बरं, ऱ्हाऊ दे. पन पाळी तर घालवाय पायजे, न्हायतर ही पोरं मान मोडत्याल कुनाची तरी. मी जातो आन् घालवून येतो."

शिवा मान खाली घालून रडत होता. दत्तानं त्याच्यापुढं बशी सरकवली. "प्या. साय धरली त्याला."

मला आधी राग आला, खरं सांगते. इतकी वर्षं मी भाऊबीजेला ताट धरून विचारत होते. तू मला "सुटला" म्हणत होतास, आणि गिरणीत पीठ दळणारा माझाच लेक तुझ्याबरोबर सामील. मी दत्ताला म्हटलं, "मला का न्हाय सांगितलं रं तुमी?"

पण राग टिकला नाही. बघ, मला वाटत होतं तू त्याच्या पायाची किंमत केली नाहीस. तू एकट्यानं ठरवलं असतंस तर तसंच झालं असतं. तू ज्याचा पाय होता त्यालाच विचारलंस. मला नाही, गावाला नाही. असा प्रश्न विचारलास की त्याचं त्यालाच उत्तर कळलं. आणि नंतर लोकांची जी बोलणी खाल्लीस ती दोघांनी मिळून खाल्लीत. गिरणीवर दळण घेऊन येणारे तुझी टिंगल करायचे तेव्हा दत्ता पट्टा चालू करून आवाज मोठा करायचा. मला वाटायचं त्याला तुझी लाज वाटते. बरं झालं बापू. फार बरं झालं. माझ्या छातीवर एक दगड होता तो तू ठेवलाच नव्हतास.

शिवा गेला. जाताना दत्तानं त्याला सांगितलं, दहाव्याला ये, आणि मोपेड ओट्याला लावू नको, पोरं हवा सोडतात. आता आपल्या मैदानावर ती पोरं टेनिसच्या चेंडूनं क्रिकेट खेळतात. पाळी म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही. फक्त पाण्याची माहीत आहे, आणि तीही आईबाप ओरडतात म्हणून.

मी दत्ताला सोडलं नाही. परत विचारलं, मला का नाही सांगितलं.

तो म्हणाला, "मामा म्हनला हुता, आक्काला सांगू नगं. तिला खोटं बोलता येत न्हाय. कुनी इचारलं की सांगून बसंल, मग पाळी परत उभी ऱ्हाईल."

खोटं बोलायला मला येत नाहीच. बरोबर ओळखलंस तू मला. आता विचारणारं कुणी उरलं नाही, आणि ऐकून पाळी घेणारंही. म्हणून हे लिहून काढलं. कुणी विचारलं तर सांगणार आहे, की माझ्या भावाचा हात सुटला नव्हता. नाही कुणी विचारलं, तरी सांगणार आहे.